विश्लेषण : नेम तर सगळ्यांचाच लागतो! मग रेमिंग्टन, विंचेस्टर, सॅव्हेज की टिक्का… शिकारीची रायफल कशी निवडतात?

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात 'थँक्सगिव्हिंग'नंतरचा सोमवार हा पिढ्यान् पिढ्या हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस होता. इतका, की त्या दिवशी अनेक शाळांना चक्क सुट्टी असते. २०१९ पासून हंगाम दोन दिवस आधी, शनिवारी सुरू होऊ लागला. सोमवारची सुट्टी मात्र बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. हंगामाआधी बंदुकांच्या दुकानांत गर्दी होते आणि काउंटरवर तोच जुना प्रश्न विचारला जातो : बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घ्यायची आहे, पण कोणत्या कंपनीची?

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आल्यापासून हौशी शिकारीचा विषयच संपला. त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी परका वाटेल. पण त्याच्या उत्तरात सव्वाशे वर्षांची यांत्रिक रचना, खर्चकपात, दिवाळखोरी आणि एका चापावरून चाललेली दीर्घ न्यायालयीन लढाई आहे. एकेकाळी हे उत्तर 'ज्या रायफलचा नेम चांगला ती घ्या' इतके सोपे होते. आता ते तसे राहिलेले नाही.

बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे नेमके काय?

दाराला आडवा सरकणारा बोल्ट असतो, तोच प्रकार. दांडी वर उचलून मागे ओढली की दार मोकळे. पुढे सरकवून दांडी खाली पाडली की बंद. रायफलमध्ये हे 'दार' नळीच्या मागच्या तोंडाला असते. बोल्ट मागे ओढताना वापरलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी बाहेर फेकली जाते, पुढे ढकलताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत जाते आणि दांडी खाली पाडली की बोल्टच्या टोकाचे जाड पोलादी खुंट खाचेत अडकतात. प्रत्येक गोळीसाठी हाताने हे सगळे पुन्हा करायचे.

हे खुंट किती सोसतात? अमेरिकेतील लोकप्रिय '.३०-०६' काडतुसासाठी दाबाची कमाल मर्यादा आहे दर चौरस इंचाला ६० हजार पौंड. मोटारीच्या टायरमध्ये आपण याच मापात ३०-३५ भरतो. म्हणजे गालापासून काही इंचांवर, टायरच्या जवळपास दोन हजार पट दाब क्षणभर कोंडलेला असतो.

अर्ध-स्वयंचलित रायफल झपाट्याने गोळ्या झाडते, पण हरणाच्या शिकारीत त्याचा फारसा उपयोग नसतो. काही ठिकाणी कायदाही आड येतो. पेन्सिल्व्हेनियाने २०१७ मध्ये लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी अर्ध-स्वयंचलित रायफलींना परवानगी दिली, हरणांसाठी नाही. कमी भाग, मजबूत बांधणी आणि वर्षानुवर्षे टिकणारा नेम यामुळे बोल्ट-अ‍ॅक्शन अजूनही शिकाऱ्यांची पहिली पसंती आहे.

सगळ्यांचा पूर्वज एकच?

जवळपास हो. जर्मनीतील ओबर्नडॉर्फचे पॉल माउझर यांची रायफल जर्मन लष्कराने १८९८ मध्ये स्वीकारली. तिची रचना इतकी जमून आली होती, की अमेरिकेने १९०३ मध्ये आपली 'स्प्रिंगफील्ड' रायफल बनवली तेव्हा त्यातील कल्पनांसाठी माउझर कंपनीला रॉयल्टी मोजावी लागली. पहिल्या महायुद्धात लाखो तरुणांच्या हाताला बोल्टची सवय झाली आणि घरी परतल्यावर शिकारीसाठीही त्यांना तशीच रायफल हवी होती.

माउझरच्या रचनेतली सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोल्टच्या बाजूला असलेली लांब, टोकाला वाघनखासारखी वळलेली पट्टी. काडतूस मॅगझिनमधून वर येताक्षणी ती त्याची कड पकडते आणि पुंगळी बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. घाईत शिकाऱ्याने बोल्ट अर्धाच पुढे नेला आणि पुन्हा मागे ओढला, तरी काडतूस बोल्टबरोबरच परत येते. दुसऱ्या पद्धतीत बोल्ट काडतुसाला नुसता ढकलतो. नळीत पूर्ण बसल्यावरच त्याला पकडतो. तिथे अर्ध्यावर घोळ झाला तर पहिले काडतूस नळीच्या तोंडाशी पडून राहते आणि त्याच्या पाठीवर दुसरे येऊन अडकते.

हरणाच्या बाबतीत हा घोळ म्हणजे फार तर एक हुकलेली संधी. समोर जखमी बिबट्या किंवा आफ्रिकेतला रानरेडा असेल तर हिशेब वेगळा. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल भेट मिळालेली '.२७५' रायफल लंडनच्या रिग्बी कंपनीची होती. तिचे 'इंजिन' मात्र माउझरचेच. आजही मोठ्या आणि धोकादायक जनावरांच्या शिकारीसाठी जाणारे लोक नखवाली रचनाच मागतात.

१९६४ मध्ये असे काय घडले, की लोक आजही तेच वर्ष विचारतात?

माउझरचीच वाट धरून अमेरिकेच्या विंचेस्टरने १९३६ मध्ये 'मॉडेल ७०' आणली. 'आउटडोअर लाइफ' मासिकातले प्रसिद्ध लेखक जॅक ओकॉनर यांनी '.२७०' काडतुसाची ही रायफल आपल्या लेखांतून घराघरांत नेली. पण ती बनवायला वेळ आणि कुशल हात लागत. १९६४ मध्ये कंपनीने खर्च कमी करण्यासाठी रचना बदलली. नखवाली पट्टी गेली, ढकलणारा बोल्ट आला. लाकडी दस्त्यावर कोरलेली नक्षी जाऊन ठशाने दाबलेली आली.

यांत्रिकदृष्ट्या नवी रायफल टाकाऊ नव्हती. पण गिऱ्हाईक चिडले ते चिडलेच. जुन्या मॉडेल ७० ला आजही 'चौसष्टच्या आधीची' अशी वेगळी ओळख आणि वेगळी किंमत आहे. १९९०च्या दशकात कंपनीने नखवाली रचना पुन्हा आणली. पुढे २००६ मध्ये कनेटिकटमधील न्यू हेवनचा मूळ कारखाना बंद पडला. आता विंचेस्टर हे नाव ओलिन कॉर्पोरेशनच्या मालकीचे, परवान्यावर ते वापरणारा समूह बेल्जियमचा आणि रायफलची जुळणी पोर्तुगालमध्ये होते. 'अस्सल अमेरिकी रायफल' म्हणून ती विकत घेणाऱ्यांना हे ठाऊक असतेच असे नाही.

रेमिंग्टन ७००चे प्रकरण काय?

या सगळ्या विषयातला सर्वात गंभीर भाग हा आहे.

विंचेस्टरच्या चुकीचा फायदा झाला तो रेमिंग्टनला. १९६२ मध्ये बाजारात आलेली 'मॉडेल ७००' अभियंत्यांच्या दृष्टीने हुशार रचना होती. बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य भाग गोल पोलादी दांड्यापासून लेथवर तयार होई, त्यामुळे तो स्वस्तही आणि अचूकही. अमेरिकेच्या मरीन कोअरने १९६६ मध्ये आणि लष्कराने १९८८ मध्ये आपल्या स्नायपर रायफली याच सांगाड्यावर बेतल्या. याहून मोठी जाहिरात कोणती असणार? लाखो रायफली विकल्या गेल्या.

अडचण चापात होती. रेमिंग्टनचे अभियंता माइक वॉकर यांनी १९४०च्या दशकात रचलेल्या या यंत्रणेत चाप आणि त्यावर तोललेला भाग यांच्यामध्ये एक छोटा, सुटा तुकडा होता. चाप ओढताना अतिशय स्वच्छ, हलका अनुभव मिळावा म्हणून तो ठेवलेला. आक्षेप असा, की त्यामागे मळ, गंज किंवा साकळलेले तेल अडकले तर तो तुकडा जागेवर नीट परतत नाही. मग चापाला बोट न लावता, सेफ्टी उघडताच किंवा बोल्टला हात लावताच गोळी सुटू शकते.

'सीएनबीसी' वाहिनीने २०१० मध्ये या विषयावर केलेल्या माहितीपटात कंपनीची जुनी कागदपत्रे समोर आली. वॉकर यांनी स्वतःच १९४०च्या दशकात सुधारणा सुचवली होती. तिचा खर्च होता रायफलमागे साडेपाच सेंट. ती तेव्हा स्वीकारली गेली नाही. कंपनीचे म्हणणे कायम असे राहिले, की रायफल सुरक्षित आहे आणि अपघात हे चुकीची हाताळणी, निगा न राखणे किंवा चापात केलेले फेरफार यामुळे होतात.

२००० मध्ये मोंटाना राज्यात शिकारीहून परतलेले एक कुटुंब रायफल रिकामी करत होते. सेफ्टी उघडली, गोळी सुटली आणि पलीकडे असलेला ९ वर्षांचा मुलगा मरण पावला. इथे आणखी एक बारकावा आहे. १९८२ पर्यंतच्या या रायफलींमध्ये सेफ्टी लावलेली असताना बोल्टही कुलूपबंद राही. म्हणजे काडतूस बाहेर काढायचे असेल तर आधी सेफ्टी उघडण्यावाचून गत्यंतर नाही. नेमका ज्या क्षणी रायफल निर्धोक करायची, त्याच क्षणी तिचे संरक्षण काढून घ्यायचे!

पुढे कंपनीने २००६-०७ च्या सुमारास नव्या रचनेचा चाप आणला. त्यातही दोष निघाल्याने २०१४ मध्ये तो परत मागवावा लागला. जुन्या चापाबद्दलच्या सामूहिक दाव्यात सुमारे ७५ लाख बंदुकांसाठी तडजोड झाली. न्यायालयाने २०१७ मध्ये तिला मंजुरी दिली. मालकांना मोफत नवा चाप किंवा भरपाई असे तिचे स्वरूप होते. कंपनीने दोष मान्य केला नाही. १८१६ मध्ये स्थापन झालेली रेमिंग्टन २०१८ आणि २०२० मध्ये दोनदा दिवाळखोरीत गेली, तिचे तुकडे वेगवेगळ्या खरेदीदारांनी घेतले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावचा तिचा कारखाना २०२४ मध्ये बंद झाला. नवी मालक कंपनी आता जॉर्जियातून रायफली बनवते, नव्या चापासह.

म्हणून आज कोणी 'रेमिंग्टन ७०० घेऊ का?' असे विचारले, तर पहिला प्रतिप्रश्न 'कोणत्या सालची?' हाच असायला हवा. घरातल्या कपाटात आजोबांच्या काळापासून पडून असलेली रायफल आणि कालच दुकानात आलेली रायफल यांच्यावर नाव एकच आहे. तडजोडीतून मोफत चाप मिळवण्याची मुदत २०२० मध्येच संपली. जुनी रायफल हाती आली तर कुशल कारागिराकडून चाप तपासून घेणे किंवा टिम्नी, ट्रिगरटेक अशा स्वतंत्र कंपन्यांचा चाप बसवून घेणे हा आता उरलेला मार्ग आहे. रायफलच्या किमतीपुढे तो खर्च फारसा नाही.

नेमाचे काय? कोणाची रायफल सर्वात अचूक?

जाहिरातींत सर्वात जास्त बोलले जाते ते यावर, आणि प्रत्यक्षात सर्वात कमी फरक पडतो तो यामुळेच.

अचूकता मोजण्याचे एकक म्हणजे 'मिनिट ऑफ अँगल', एका अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, तो एका इंचाहून किंचित जास्त भरतो, साधारण २.७ सेंटीमीटर. आजच्या स्वस्त रायफलीही चांगल्या काडतुसांसह या मापाच्या आसपास गोळ्या टाकतात. आता पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून लक्ष्य किती मोठे? सुमारे २० सेंटीमीटर व्यासाचे. २०० यार्डांवर 'एक मिनिटा'ची रायफल सुमारे सव्वापाच सेंटीमीटरच्या वर्तुळात गोळ्या टाकते, तर 'दोन मिनिटां'ची सुमारे साडेदहा. दोन्ही लक्ष्याच्या आतच.

हे घडले कसे? त्यात सॅव्हेज कंपनीचा वाटा मोठा आहे. तिच्या १९५८ सालच्या 'मॉडेल ११०' मध्ये नळी एका मोठ्या नटाने बसवली जाते. नळी आणि बोल्ट यांच्यातले नेमके अंतर जुळवायला पूर्वी अनुभवी कारागीर लागे. इथे मापाचा गेज ठेवायचा, नळी फिरवायची आणि नट आवळायचा. रायफल दिसायला ओबडधोबड, किंमत कमी आणि नेम मात्र दुप्पट किमतीच्या रायफलीला लाजवणारा. १९८८ मध्ये दिवाळखोरीत गेलेली ही कंपनी याच रायफलीच्या जोरावर पुन्हा उभी राहिली. चालू शतकाच्या सुरुवातीला तिने मालकाला स्वतः हलका-जड करता येणारा 'अ‍ॅक्युट्रिगर' आणला आणि बाकीच्या कंपन्यांनाही आपले चाप सुधारावे लागले.

जाहिरातीतल्या 'एक मिनिट अचूकतेची हमी' या दाव्याकडेही जरा जपून पाहायला हवे. ही हमी बहुधा तीन गोळ्यांवर दिलेली असते. तीन गोळ्या हा नमुना फारच छोटा. त्याच रायफलमधून, त्याच काडतुसांच्या दहा गोळ्या झाडल्या तर त्यांचा पसारा सरासरीने तीन गोळ्यांच्या दीडपटीहून जास्त भरतो. रायफल बिघडलेली नसते, संख्याशास्त्र आपले काम करत असते. 'माझी रायफल अर्धा इंच मारते' असे सांगणाऱ्याने किती गोळ्या झाडल्या, हे विचारून पाहावे.

खरी चूक होते ती माणसाकडून. धाप लागलेली असते, अंतराचा अंदाज चुकतो, वारा असतो, चाप ओढण्याऐवजी झटकला जातो. गोळी पोटात लागली तर जनावर तिथे पडत नाही. ते जखमी होऊन किलोमीटरभर पळते आणि शिकाऱ्याला कित्येक तास रक्ताचा माग काढत फिरावे लागते. कधी ते सापडतच नाही. त्यामुळे अनुभवी मंडळी नवख्याला सांगतात, की अर्ध्या मिनिटाच्या अचूकतेसाठी पाचशे डॉलर जास्त मोजण्यापेक्षा त्या पैशांची काडतुसे घ्या आणि सराव करा.

नाव एकाचे, कारखाना दुसऱ्याचा?

सुझुकीची बलेनो टोयोटाच्या शोरूममध्ये 'ग्लान्झा' म्हणून विकली जाते, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. रायफलींच्या बाजारात हे कित्येक दशकांपासून चालते. वेदरबी या अमेरिकी कंपनीची 'व्हॅनगार्ड' जपानच्या होवा कंपनीत बनते आणि त्याच कारखान्यातून होवाच्या स्वतःच्या नावानेही '१५००' ही रायफल निघते. ब्राउनिंगची 'एक्स-बोल्ट' जपानच्याच मिरोकू कंपनीत तयार होते. नावाबरोबर दस्ता, रंग आणि किंमत बदलते, पोलाद तेच.

टिक्काचा किस्साही असाच. (पनीरशी संबंध नाही, फिनिश भाषेत टिक्का म्हणजे सुतारपक्षी.) फिनलंडमधील साको कंपनीच्या रिहिमाकी गावातल्या कारखान्यात महाग 'साको' आणि तुलनेने स्वस्त 'टिक्का' दोन्ही बनतात. २००० पासून साकोची मालकी इटलीच्या बेरेटाकडे आहे. २००३ मध्ये आलेल्या 'टिक्का टी३' ने आणि २०१६ च्या 'टी३एक्स' ने अमेरिकी कंपन्यांच्या तोंडचे पाणी पळवले. कारण सरळ होते : नळी साकोच्या तोडीची, बोल्ट लोण्यासारखा सरकणारा, आणि काटकसर केली ती मॅगझिन, चापाभोवतीची कडी अशा प्लॅस्टिकने भागणाऱ्या ठिकाणी. लांब आणि आखूड काडतुसांसाठी इतर कंपन्या वेगवेगळ्या मापाचे सांगाडे बनवतात. टिक्काने सगळ्यांसाठी एकच वापरला आणि पैसे वाचवले. आखूड काडतुसाला लांब सांगाडा कशाला, अशी कुरकूर काही जण करतात. पण विक्रीवर तिचा परिणाम झालेला दिसत नाही.

मग दुकानात काय तपासायचे?

रायफल रिकामी आहे याची खात्री करून पहिली गोष्ट पाहावी ती सेफ्टी. सेफ्टी लावलेली असताना बोल्ट उघडून काडतूस काढता येते का? मोंटानातल्या अपघातानंतर हा प्रश्न किरकोळ म्हणता येणार नाही. विंचेस्टर मॉडेल ७० मध्ये तीन टप्प्यांची सेफ्टी आहे : पुढे केली की गोळी सुटेल, मागे ओढली की सगळे बंद आणि मधल्या टप्प्यावर चाप बंद पण बोल्ट मोकळा. शिवाय ती चापाला नव्हे, थेट काडतुसावर आपटणाऱ्या सुईला अडवते. ही कल्पनाही मूळ माउझरचीच. टिक्कात दोनच टप्पे आहेत आणि सेफ्टी लावली की बोल्टही अडकतो. काडतूस काढण्यासाठी ती उघडावी लागते. त्याच कारखान्यातल्या महागड्या साकोत मात्र सेफ्टी न उघडता बोल्ट सोडवण्यासाठी वेगळे छोटे बटण दिले आहे. टिक्काचे कौतुक करणारे बहुतेक जण हा मुद्दा गाळतात.

२०१२ मध्ये आलेल्या 'रूगर अमेरिकन' मध्ये उलट गंमत. सेफ्टी अंगठ्याखाली, वापरायला सोपी आणि बोल्ट कधीही उघडता येतो. पण त्यामुळेच झुडपातून जाताना दांडी फांदीला अडकून उघडण्याची शक्यता राहते. कंपनीने दुसऱ्या पिढीत तीन टप्प्यांची सेफ्टी देऊन ही त्रुटी भरून काढली.

दुसरी गोष्ट म्हणजे दस्ता खांद्याला बसतो का. हंगाम थंडीत असतो, अंगावर जाड कोट असतो. दुकानात टी-शर्टवर बरोबर वाटलेला दस्ता जंगलात लांब पडतो. डावखुऱ्यांनी तर आधी डाव्या हाताचा बोल्ट कोण देतो तेच पाहावे. सॅव्हेज आणि टिक्का इथे उदार आहेत. वजनाचाही विचार हवा. तीन किलोच्या आतली रायफल डोंगर चढताना सुखाची, पण हलक्या रायफलीचा धक्का जास्त बसतो आणि धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटले जातात. म्हणून नवख्यांना '.३०-०६' पेक्षा '.३०८' किंवा २००७ मध्ये आलेले, मवाळ धक्क्याचे '६.५ क्रीडमूर' हे काडतूस सुचवले जाते. काडतूस आधी ठरवावे आणि मग रायफल, हा क्रम जास्त शहाणपणाचा आहे. कोविडच्या काळात अमेरिकेत काडतुसांचा जो तुटवडा झाला, त्यात अप्रचलित मापाच्या रायफली बाळगणाऱ्यांचे सर्वाधिक हाल झाले.

किती पैसे मोजावेत?

सॅव्हेजची 'अ‍ॅक्सिस' किंवा 'रूगर अमेरिकन' साधारण चारशे ते सहाशे डॉलरच्या आसपास मिळते, टिक्का त्याच्या वर आणि मॉडेल ७० हजार डॉलरच्या पुढे. स्वस्त रायफलीत काटकसर दिसते ती दस्त्यात आणि बोल्टच्या खरखरीत सरकण्यात. पोकळ प्लॅस्टिकचा दस्ता हाताने दाबला तर नळीला टेकतो; तसे झाले तर नेम हलतो. बोल्ट वापरून वापरून गुळगुळीत होतो, दस्ता नंतर बदलता येतो. दुर्बिणीत मात्र काटकसर करू नये. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधूक प्रकाशात, जेव्हा हरणे बाहेर पडतात, तेव्हा हलक्या काचेतून शिंग आणि फांदी यांतला फरकही कळत नाही.

अमेरिकेत रायफल आणि काडतुसांच्या विक्रीवर उत्पादकाकडून ११ टक्के संघीय अबकारी कर घेतला जातो. १९३७ च्या 'पिटमन-रॉबर्टसन' कायद्यानुसार हा पैसा राज्यांच्या वन्यजीव संवर्धनासाठी जातो. हरणे मारणाऱ्यांच्या पैशातून हरणांची राखण, हे तिथले जुने समीकरण आहे.

अमेरिकेतील मराठी मंडळींना हे लागू होते का?

पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, टेक्ससमध्ये राहणाऱ्या अनेकांना ऑफिसमधले सहकारी हंगामात 'चल शिकारीला' म्हणून आमंत्रण देतात. इथे कंपनी निवडण्याच्या आधीचा प्रश्न व्हिसाचा आहे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. स्वतःची घेणे तर सोडाच, मित्राची हातात घेणेही 'बाळगणे' ठरू शकते. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही.

या बंदीला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे अमेरिकेतील कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना. पण पेन्सिल्व्हेनियासारख्या राज्यात पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला आधी शिकार सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. दुकानातून खरेदी करताना संघीय अर्ज भरून पार्श्वभूमीची तपासणी होते आणि व्हिसाधारकाला परवाना तिथे दाखवावा लागतो. राज्याराज्यांचे नियम आणखी वेगळे आहेत. शिकार परवाने ठरावीक मुदतीचे असतात, बहुतेक वर्षभराचे. परवाना संपला आणि नवा काढला नाही, तर अपवादही त्या दिवशी संपतो. कपाटातली रायफल मात्र तिथेच असते.